घरच्या माणसाला शाल नसते

१४ डिसेंबर, रविवार. गाद्या, गोधड्या आणि रजया गच्चीवर उन्हात टाकायचं काम काढलं आहे. लिफ्ट नेमकी आज बंद, त्यामुळे सगळं ओझं जिन्यानं वर नेतो आहोत. कपाटाच्या वरच्या खणातून शेवटची रजई ओढली, तर तिच्यामागून एक शाल खाली पडली. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली, किमतीचं लेबल कुणीतरी अर्धवट खरवडलेलं.

नवऱ्यानं उचलली. "ही कुठली?"

"सत्कारातली."

"तुझा सत्कार कधी झाला?"

प्रश्न रास्त आहे. मी महापालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटक आहे. वस्त्यांत फिरायचं, महिला मंडळं आणि संस्था गाठायच्या, पालिका आणि त्या यांची गाठ घालून द्यायची आणि ती सुटणार नाही हे बघायचं, हे माझं काम. या कामात दुसऱ्यांचे सत्कार ठरवायचे असतात, हार मोजून आणायचे असतात. माझा स्वतःचा सत्कार एकदाच झाला. तो हिराक्कानं केला आणि मला तो नको होता.

हिराक्का मोशीची, जुन्या शेतकरी घरातली. इंद्रायणीकाठची जमीन टॉवरांखाली गेली. उरलेल्या तुकड्यावर तिनं भाड्याच्या खोल्या काढल्या आणि चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या बीड, लातूर, परभणीकडच्या लोकांना दिल्या. मीही परभणीकडचीच, त्यामुळे तिच्या भाडेकरूंची बोली मला तिच्यापेक्षा जास्त कळायची. पण ते आपलं सुखदुःख सांगायचे तिला.

उंच, रुंद बाई. दोन्ही खांद्यांवरून पदर, नाकात खड्याची चमकी, हातात भलामोठा फोन. फोन कायम स्पीकरवर आणि आरशासारखा तोंडासमोर धरलेला, त्यामुळे तिचं कुणाशी काय चाललंय हे अख्ख्या कचेरीला कळायचं. यायची मुलाच्या मोठ्या गाडीतून, तीही बरोबर जेवणाच्या सुट्टीत. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावायला सांगायची आणि वॉचमन पुढं आला की साडी घोट्यापासून वीतभर उचलून म्हणायची, "बाबा, ह्यो गुडगा बघ आन मग बोल." वर आली की ज्याचा डबा उघडा दिसेल त्याच्या टेबलावर बसायची. "काय आणलंय सुनेनं?" असं विचारून एक घास मोडायची. मी इतकी वर्षं त्या मजल्यावर बसते, मला कुणी डब्यातला घास दिलेला आठवत नाही.

तिचं पाळणाघर कसं सुरू झालं ते ती दर सभेत सांगायची. एका खोलीचं भाडं मागायला गेली, आत रडणं ऐकू आलं. आई पहिल्या पाळीला गेलेली. दोन वर्षांचा पोरगा खाटेच्या पायाला जुन्या साडीनं बांधलेला, शेजारी पाण्याची वाटी आणि बिस्किटं. "भाड्याला गेले आन पोर घेऊन आले," असं म्हणून ती थांबायची. लोक डोळे पुसायचे. त्या महिन्याचं भाडंही तिनं घेतलं होतं, हे ती सांगत नसे. मी सांगते.

आधी तिच्या पडवीत चार पोरं होती, मग चौदा झाली. पडवी अपुरी पडायला लागली. जवळच पालिकेनं बांधलेलं समाजमंदिर होतं. फीत कापली, फोटो निघाले आणि कुलूप लागलं. ते तिच्या महिला मंडळाला मिळावं म्हणून प्रस्ताव मी लिहिला, टेबलाटेबलावरून मी फिरवला. करार झाला. जागा, वीज, पाणी पालिकेचं. सांभाळणाऱ्या बाया, जेवण आणि जबाबदारी मंडळाची. अंगणवाडी दहाला उघडते, कंपनीची बस सहाच्या आत चाकणजवळच्या निघोज्याकडं निघते. मधल्या वेळात पोरं कुठं जाणार? म्हणून पाळणाघर पहाटे साडेपाचला उघडायचं. त्या पहाटेतच त्या केंद्राचा जीव होता.

कागदावर याला शासन आणि स्वयंसेवी संस्थांची भागीदारी म्हणतात. हिराक्का म्हणायची, "सोयरीक हाय ती. आपुन मुलीकडचं. आपुन वाकायचं, गोड बोलायचं आन पोरगी नांदती का ते बघायचं."

पालिकेचे अधिकारी आणि संस्था यांची पहिली समन्वय सभा मी घेतली होती. वातानुकूलित सभागृह, प्रत्येकासमोर विषयपत्रिका, पाण्याची बाटली, नावाची पाटी. संस्थांचे लोक एका बाजूला, अधिकारी दुसऱ्या बाजूला. दोन तास चाललेल्या सभेत एवढंच ठरलं की पुढची सभा घ्यावी. आक्कानं उठता उठता सांगितलं, "फुडची आमच्याकडं."

पुढच्या सभेला गेले तर समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली आणि मधोमध हिरव्या मटारचा ढीग. खुर्ची एकही नाही. पाणीपुरवठ्याचे उपअभियंता दारातच थबकले.

"इंजिनेर, बसा. घ्या सोलायला."

"आक्का, सभा आहे ना?"

"मंग? तोंडानं सभा करा. हातांना काय सुट्टी हाय व्हय?"

साहेब बसले. आधी दोन बोटांनी, अंग चोरून. मग आरोग्यवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेंग कशी दाबायची ते दाखवलं. मग शिक्षण विभागाचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडं हे काम माझंच असतं. ताटली भरत आली तशी उपअभियंत्यांनी मान वर करून विचारलं, "एवढ्या पोरांसाठी तुम्ही पाणी कुठनं आणता?"

"हंड्यानं."

"नळ नाही?"

"असंल की कागदावर," आक्का म्हणाली आणि त्यांच्यापुढं आणखी ओंजळभर शेंगा सरकवल्या.

त्या आठवड्यात नळ आला. त्याच नळासाठी मी वर्षभर पत्रं पाठवत होते.

मी तिला विचारलं होतं, ही काय पद्धत? ती म्हणाली, "मंगल, हात मोकळं असलं की मानूस घड्याळ बघतो, फोन बघतो, न्हाईतर नियम बघतो. हात गुतवावं." तेव्हापासून तिच्याकडच्या सभेत कधी मटार, कधी लसूण, कधी मेथी निवडायला असायची. पोरांच्या खिचडीची सोय व्हायची आणि अधिकाऱ्यांकडून कामंही व्हायची. लोक माझ्या सभेला प्रतिनिधी पाठवायचे, तिच्या सभेला स्वतः जायचे. मीही एकदा माझ्या सभेत लसूण ठेवून बघितला. सगळ्यांनी विचारलं, हा कुणी विसरलाय का.

दरवर्षी जानेवारीत केंद्राचा वाढदिवस व्हायचा. शाली आक्का स्वतः आणायची, घाऊक, लेबलं नखानं खरवडत बसायची. नगरसेवकांपासून वीजमीटर बघायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना शाल. मीटरवाल्याला शाल घालताना तिनं माइकवर सांगितलं, "ह्यांनी आमाला अंधारात ठिवलं न्हाई." तो माणूस लाल झाला होता. पुढं वर्षभर त्या केंद्राची वीज गेली की तो आपणहून यायचा.

मी त्या दिवशी मागं चुलीशी असायची. मसालेभाताचं पातेलं उतरवायचं, पत्रावळ्या मोजायच्या, शेवटी भांडी घासायची. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी म्हणाले, चेष्टेतच म्हणाले, "आक्का, सगळ्या गावाला शाल झाली. आमचं काय?"

ती हातातली परात घासायचं थांबली नाही. "घरच्या मान्साला शाल देत्यात व्हय गं? ती घासनी दे हिकडं."

ते मला पुरलं. खोटं कशाला बोलू, चांगलं पुरलं. डब्यातला घास, नळ, लोकांचं तिच्याभोवती गोळा होणं, या सगळ्यांवर मी मनातल्या मनात जळायची. पण पालिकेच्या एवढ्या मोठ्या इमारतीत घरची अशी मी एकटीच होते. कुणी शाल मिरवत बाहेर पडलं की मला वाटायचं, बाहेरचा आहेस बाबा, घेऊन जा.

मग कदम मॅडम आल्या. मानसी कदम, सहायक आयुक्त, मूळच्या रत्नागिरीच्या, तिशी नुकतीच ओलांडलेली. स्पर्धा परीक्षेतून आलेल्या. हुशार, वेळेच्या पक्क्या, खोटं न खपवणाऱ्या. त्यांनी सगळे जुने करार बाहेर काढले. आमचा करार संपत आला होता. त्या म्हणाल्या, नूतनीकरण नाही, जाहीर सूचना देऊन अर्ज मागवा, जी संस्था योग्य असेल तिला केंद्र द्या. यात चूक काहीच नव्हती. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला ते केंद्र हवं होतं. त्यांच्याकडं शिकलेल्या ताई होत्या, खेळणी होती, भिंतीवर दाखवायला चित्रं होती. फक्त त्यांचं केंद्र नऊला उघडणार होतं.

आक्कानं नेहमीचा उपाय केला. सभा बोलावली, सतरंजी घातली, मटार ओतले. कदम मॅडम आल्या, शेजारच्या शाळेतून खुर्ची मागवली, बसल्या आणि फाइल उघडली.

"घ्या की बाळा सोलायला," आक्का म्हणाली.

"मी सभेसाठी आलेय. आणि मला बाळ म्हणू नका, प्लीज."

उपअभियंत्यांनी हातातली शेंग हळूच ढिगात परत ठेवली. डॉक्टरीणबाईंनी हात रुमालाला पुसले. एकेक करून सगळ्यांनी हात काढून घेतले. आक्का एकटीच सोलत राहिली. मॅडमनी वेळापत्रक सांगितलं आणि वीस मिनिटांत सभा संपवली. आक्काचा उपाय चालला नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मला बरं वाटलं का? जरासं वाटलं. पण बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मंगल, नऊला उघडलं तर ह्या पोरांच्या आया काय करत्याल? पुन्हा खाटंला साडी बांधत्याल का गं?" तेव्हा ते बरं वाटणं गेलं.

अर्ज मागवण्याच्या अटींचा मसुदा करणं माझं काम होतं. मी पहिलीच अट लिहिली, केंद्र पहाटे साडेपाचला उघडणं बंधनकारक. मॅडमनी त्यावर पेन टेकवलं.

"एवढ्या पहाटे? ही अट कुणासाठी घातलीय?"

"बसथांब्यासाठी," मी म्हणाले. "उद्या पहाटे चला. मी घ्यायला येते."

त्या आल्या, हे त्यांचं मोठेपण. माझ्या स्कूटरवर मागं बसून आल्या. थंडी होती. समाजमंदिराचा दिवा लागलेला, दारात आक्का. एकेक बाई यायची, पाठीवर डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्यावर झोपलेलं पोर. पोर आत द्यायचं आणि मागं न बघता थांब्याकडं पळायचं. मागं बघितलं तर पोर उठतं, हे सगळ्यांना ठाऊक. आक्कानं मॅडमना नमस्कारही केला नाही. एका बाईकडून पोरगी घेतली आणि सरळ मॅडमच्या खांद्यावर टाकली.

"धरा जरा. माजे हात भरल्यात."

त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. पोरीनं झोपेतच त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. ठेवायला जावं तर कुरकुर करायची. बस आली, गेली, उजाडलं, तरी मॅडम पोरगी घेऊन भिंतीला टेकून उभ्याच होत्या. मी चहा नेऊन दिला, तो एका हातानं प्यायल्या.

अट राहिली. पुण्याच्या संस्थेनं प्रामाणिकपणे कळवलं की एवढ्या पहाटे माणसं देणं आम्हाला जमणार नाही. दुसऱ्या दोन मंडळांनी अर्ज केले होते, त्यांच्यापेक्षा आक्काचं काम जुनं आणि भक्कम होतं. करार तिच्याकडंच राहिला.

सगळीकडं गोष्ट पसरली ती अशी, आक्कानं मॅडमच्या खांद्यावर पोर टाकलं आणि केंद्र वाचवलं. गोष्ट सुरेख आहे. तिच्यात स्कूटर नाही. अटही नाही.

त्यानंतर मॅडम आक्काच्या सभेत खाली बसायला लागल्या. मटार त्या सावकाश सोलायच्या, एकही दाणा न सांडता. काही दिवसांनी आक्काच्या फोनवर, स्पीकरवर, "हां मानसी, बोल," असं ऐकू आलं. मी समोर बसून पत्र टाइप करत होते. पूर्वी केंद्रात काही अडलं की फोन मला यायचा. आता तिकडं जायचा आणि मॅडम मला बोलावून म्हणायच्या, "मंगलताई, आक्कांकडचं ते जरा बघता का?" बघत होते. आधीपासून मीच बघत होते.

मग आक्काच्या मुलानं जुनं घर बिल्डरला दिलं आणि ताथवड्याला मोठा फ्लॅट घेतला. नातवाचं इंजिनिअरिंग कॉलेज तिकडंच. आक्काचा गुडघा पार गेला होता. "पोरगा न्हेतोय, जाते. तितं लिफ्ट हाय," एवढंच म्हणाली. केंद्र मंडळातल्या बायांच्या हाती नीट लावून दिलं. आणि स्वतःचा निरोप समारंभ स्वतःच ठरवला, केंद्राच्या वाढदिवसालाच. दुसऱ्या कुणाला जमला नसता, हेही खरं.

मी सवयीनं मागं चुलीशी होते. माइकवरून शालींची नावं चालली होती, उपअभियंता, डॉक्टरीणबाई, मीटरवाला. मी पातेल्यावर झाकण ठेवत होते आणि ऐकलं, "आता समाज विकास विभागाच्या मंगल मॅडम."

मला वाटलं, दुसरी कुणी मंगल असेल. बायांनी ढकललं. ओल्या हातांनीच पुढं गेले. आक्कानं माझ्या खांद्यांवर शाल टाकली, नारळ दिला आणि माइक तोंडाशी घेऊन म्हणाली, "तुमी आमाला लई सहकार्य केलं. असंच सहकार्य ऱ्हाऊ द्या."

तुमी. मला, तुमी. टाळ्या वाजल्या. फोटोवाला म्हणाला, मॅडम, हसा. फोटोत मी हसते आहे.

खुर्चीवर जाऊन बसले आणि मग लक्षात आलं, कदम मॅडमचं नाव पुकारलंच नाही. शाली संपल्या, आभार झाले. मॅडम कोपऱ्यात पत्रावळ्या गोळा करत होत्या. आक्का लंगडत त्यांच्याकडं गेली.

"मानसी, ती पातेली आता ऱ्हाऊ दे. भिजत घाल. सकाळी यिऊन घास."

"हो आक्का."

"आन घासनी नवी काड."

मॅडम हसल्या. बाह्या वर केल्या आणि पातेल्यात पाणी सोडायला गेल्या. मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते.

सगळे पांगल्यावर आक्काला गाडीपर्यंत पोचवायला गेले. ती आत बसली, पदर सावरला. मी खिडकीची कड धरून उभी राहिले आणि विचारलं, "आक्का, मला शाल कशाला?"

"मंग? इतकी वर्सं राबलीस. उद्या कुनी म्हनाया नको, आक्कानं जाताना तिला काय दिलं न्हाई."

म्हणजे तिनं देणं फेडलं. घरच्यांचं देणं कुणी असं फेडून टाकत नाही. तिला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला सगळं कळायचं. कदाचित जाताना चारचौघांत मला मान द्यावा, मागं केंद्राच्या बायांनी माझं ऐकावं, असंही तिच्या मनात असेल. तसं असेल तर ते शहाणपणाचंच होतं. तरी शाल ती शालच.

आणखी काही बोलावं म्हणून मी वाकले, तर तिनं फोन तोंडासमोर धरला होता. काच वर जायला लागली. काळी काच होती, आधी तिचे हात गेले, मग चमकी गेली. शेवटच्या फटीतून आवाज तेवढा आला, "इंजिनेर, मी हिराक्का. आवं, तात्वड्यात पानी कमी येतं म्हनं. कुनाचा भाग हाय त्यो?"

गाडी गेली. मी शाल घडी करून पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले, स्वेटर घातला, स्कूटर काढली आणि मोशीला गेले. बायांनी कुलूप काढलं होतं, पोरं येत होती. मागच्या नळाखाली तिन्ही पातेली, परात, झारे, सगळं भिजलेलं. पाणी बर्फासारखं होतं. नवी घासणी शोधली, ती काढलेली होतीच. मसालेभाताचं बूड करपलं होतं, ते चमच्यानं खरवडलं. उजाडेपर्यंत सगळं लख्ख झालं.

कदम मॅडम सातच्या सुमारास आल्या. साधा ड्रेस, हातात पिवळे रबरी मोजे.

"अहो मंगलताई, मी येणार होते ना."

"हो का?" मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला मीटिंग असेल."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. परात भिंतीला लावलेली, झारे टांगलेले, फरशी धुतलेली. मी शेवटचं पातेलं उन्हात पालथं घातलं. त्यांच्या हातात द्यायला काही उरलं नव्हतं, आणि मी शोधलंही नाही.